तोच की तसाच

"मॅडम, हे ते नव्हेत."

शाखेत सभासदांच्या नोंदी सांभाळणाऱ्या अण्णांनी स्क्रीनवरच्या नावावर बोट ठेवलं आणि दुसऱ्या हातानं शेजारची जाड नोंदवही माझ्याकडे सरकवली. 2010 चा एप्रिल होता. मार्चअखेरची धावपळ संपून शाखेतली मंडळी जरा मोकळी झाली होती, म्हणून आम्ही हेच दिवस निवडले होते. तालुक्याच्या गावातली पतसंस्था. तिच्यात शेजारची एक छोटी संस्था विलीन झाली होती आणि दोन्हीकडच्या सभासदांची एकच यादी करायची होती. प्रोग्रॅम मी पुण्यात बसून जावामध्ये लिहिला होता. दोन नोंदी एकाच माणसाच्या असतील तर त्या ओळखायच्या आणि एक करायच्या, एवढंच त्याचं काम. स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव आणि जन्मतारीख ही चारही जुळली की माणूस एकच, असा नियम मी ठरवला होता. कुणाला न विचारता ठरवला होता, कारण त्यात विचारण्यासारखं काही आहे असं मला वाटलंच नव्हतं.

"हे वरच्या आळीचे, ते मळ्यातले," अण्णा म्हणाले. "भावकी एक, पण घरं वेगळी. दोघांच्याही वडिलांचं नाव पांडुरंग. आणि जन्मतारीख म्हणाल तर आमच्या पिढीतलं निम्मं गाव एक जूनलाच जन्मलंय."

हे मला नवीन नव्हतं. शाळेत नाव घालायला आणलेल्या मुलाची जन्मतारीख घरात कुणालाच सांगता यायची नाही. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची. मग गुरुजी मुलाच्या अंगापिंडाकडे बघून वर्ष धरायचे आणि तारीख 1 जून लिहून टाकायचे. माझ्या वडिलांची जन्मतारीखही 1 जूनच आहे. घरात आम्ही ती कधी साजरी केली नाही, कारण ती खरी नाही हे सगळ्यांना माहीत होतं. पुण्यात कीबोर्डवर हात ठेवला तेव्हा मात्र यातलं काहीच माझ्या मनात आलं नाही. तिथे जन्मतारीख म्हणजे डेटाबेसमधला एक रकाना होता आणि रकान्यात जे असतं ते खरं असतं.

सहकारात या चुकीची किंमत मोठी असते. एक सभासद, एक मत हा सहकाराचा पाया. शेअर पाच असोत की पाचशे, मत एकच. दोन माणसांना एक करून टाकलं तर एकाचं मत गेलं आणि त्याचे शेअर दुसऱ्याच्या नावावर गेले. एकाच माणसाच्या दोन नोंदी राहिल्या तर त्याला मतं दोन आणि लाभांशही दोनदा. माझ्या प्रोग्रॅममधली दहा-बारा ओळींची एक मेथड हे ठरवत होती. तिचं नाव इक्वल्स.

मराठीत या प्रश्नासाठी दोन साधे शब्द आहेत: तोच आणि तसाच. माझ्या आईच्या भांड्यांवर नाव कोरलेलं आहे, खाली तारीख. शेजारी काही दिलं आणि वाटी परत आली की ती वाटी उलटी करून बूड बघायची. "तशीच आहे, पण ती नव्हे," असं म्हणून एकदा तिनं मला वाटी बदलून आणायला पाठवलं होतं. घाट तोच, माप तेच, चमकही तीच. आईला त्यातलं काही नको होतं. तिला तिची वाटी हवी होती. पंगतीत वाढताना मात्र तीच आई कुठलीही वाटी कुणापुढेही ठेवायची.

जावामध्ये तुम्ही नवा क्लास लिहिता तेव्हा त्याला आईची वाटी परत घेतानाची नजर आयती मिळते. दोन ऑब्जेक्ट समान आहेत का विचारलं, तर मशीन फक्त एवढंच बघतं, की मेमरीतली जागा एक आहे का. आत काय लिहिलंय याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. ‘तसाच असला तरी चालेल’ असं म्हणायचं असेल तर ते तुम्हाला लिहावं लागतं, आणि तसाच म्हणजे नक्की कशाकशात तसा, हेही तुम्हालाच सांगावं लागतं. ते भाषा सांगत नाही, मशीनही सांगत नाही. ते त्या व्यवहारात असतं, आणि व्यवहार सांभाळणाऱ्या माणसाच्या डोक्यात असतं.

त्या शाखेत हा फरक एकाच काउंटरवर बघायला मिळायचा. ठेव परत घ्यायला आलेला माणूस पाचशेच्या नोटा मोजून घेतो. आपण भरलेल्याच नोटा परत द्या, असं तो म्हणत नाही. पाचशे म्हणजे पाचशे. शेजारच्या खिडकीत सोनेतारण कर्ज फेडून एक बाई आपलं मंगळसूत्र परत घेत असतात. वजन तेवढंच, कस तोच, घडणही तशीच असलेलं दुसरं मंगळसूत्र त्यांना दिलं तर त्या संस्था डोक्यावर घेतील, आणि तो त्यांचा हक्क आहे. म्हणून तर दागिना तारण ठेवताना पिशवी लाखेनं बंद करून वर क्रमांक टाकतात. एरिक इव्हान्स यांनी 2003 साली आलेल्या आपल्या डोमेन-ड्रिव्हन डिझाइन या पुस्तकात हाच भेद मांडला आहे: काही गोष्टी त्यांच्या मूल्यानं ओळखायच्या, काही त्यांच्या ओळखीनं. पुस्तक मी वाचलं होतं. पण ते समजलं मला त्या दोन खिडक्यांसमोरच्या बाकावर.

रक्कम हा क्लास मूल्याचा. सभासद हा क्लास ओळखीचा. मी सभासदाला रकमेसारखं वागवलं होतं.

पण हे कळायच्या आधी मी बऱ्याच चुका करून बसले होते आणि त्या सगळ्या माझ्या टेस्टमधून बिनबोभाट पार झाल्या होत्या. इक्वल्स चुकीचं लिहिणं सोपं असतं. ते चुकलंय हे टेस्टला कळू न देणं त्याहून सोपं असतं, म्हणून त्या चुका सांगते.

पहिली अगदी सुरुवातीची. इक्वल्स मेथडला समोरून येणारी वस्तू ‘ऑब्जेक्ट’ या सर्वसाधारण प्रकारची असावी लागते. मी तिथे थेट ‘सभासद’ लिहिलं. दिसायला ते जास्त नेमकं दिसतं. जावाच्या लेखी मात्र ही वेगळीच, नवी मेथड झाली आणि मूळची इक्वल्स मागे जशीच्या तशी राहिली. माझ्या टेस्टमध्ये मी दोन सभासद घेऊन एकाला दुसऱ्याबद्दल थेट विचारत होते, त्यामुळे उत्तर माझी मेथड द्यायची आणि टेस्ट चालवणाऱ्या जेयुनिटची पट्टी हिरवी व्हायची. एक वस्तू एकदाच ठेवणारा जावाचा संच, हॅशसेट, मात्र मूळच्या मेथडला विचारायचा, आणि ती म्हणायची, हे दोघं वेगळे. दोन दिवस मी हॅशसेटवर संशय घेत होते. मेथडच्या डोक्यावर ओव्हरराइडची खूण लिहिली असती तर कंपायलरनं तिथल्या तिथे अडवलं असतं; ती सोय जावामध्ये 2004 पासून आहे. तेव्हापासून मी टेस्टमध्ये इक्वल्सला थेट हाक मारून थांबत नाही. वस्तू सेटमध्ये टाकते, तिच्यासारखी दुसरी घडवते आणि सेटला विचारते, ही तुझ्याकडे आहे का. प्रत्यक्ष कामात ज्या दारानं लोक येणार, त्याच दारानं टेस्टनंही यावं.

दुसरी चूक क्रमांकांची. सभासद क्रमांक मी पूर्णांकाच्या ऑब्जेक्टमध्ये ठेवले होते आणि एका ठिकाणी दोन क्रमांक इक्वल्सनं न ताडता == या चिन्हानं ताडले होते. हे चिन्ह ऑब्जेक्टच्या बाबतीत ‘तोच का’ एवढंच विचारतं. गंमत बघा: उणे 128 ते 127 एवढ्या आकड्यांचे ऑब्जेक्ट जावा एकदाच करून ठेवतं आणि पुन्हा पुन्हा तेच वापरायला देतं. म्हणजे सभासद क्रमांक 127 पर्यंत सगळं बरोबर चालतं. 128 व्या सभासदापाशी तो स्वतःसारखाच उरत नाही. माझ्या टेस्टमधले सभासद 1, 2, 3 आणि फार तर 10 क्रमांकाचे होते. संस्थेतले हजारांत होते. टेस्टसाठी मी सोपे आकडे घेतले, कारण टाइप करायला ते बरे पडतात. आज माझ्या कुणा सहकाऱ्याच्या टेस्टमध्ये 1, 2, 3 दिसले की मी त्याला शाखेतली खरी पानं मागवायला सांगते.

तिसरी चूक सगळ्यांत महागात पडली असती. एक्लिप्स या कोड लिहायच्या साधनात इक्वल्स आणि तिची जोडीदार हॅशकोड आपोआप लिहून मिळतात. क्लासमधल्या रकान्यांची यादी येते आणि हवे त्यांवर खूण करायची. लाभांशाच्या प्रोग्रॅममधल्या सभासद क्लाससाठी मी सगळ्यांवर खूण केली होती. जास्त रकाने म्हणजे जास्त खात्री, असा माझा समज. त्यात ‘शेवटचा लाभांश कोणत्या वर्षाचा दिला’ हा रकानाही होता.

लाभांशवाटपाची रंगीत तालीम होती. प्रोग्रॅम सभासदांच्या याद्या घेत होता, ठेवीदारांची एक, कर्जदारांची दुसरी. ज्याला लाभांश दिला त्याला एका हॅशसेटमध्ये टाकायचं आणि पुढच्या यादीत तोच आला तर वगळायचं. एकूण रक्कम सभेनं मंजूर केलेल्या रकमेपेक्षा जास्त येऊ लागली. दोन्ही याद्यांत असलेल्या प्रत्येकाला दोनदा पैसे जात होते. सेटमध्ये सगळे दिसत होते. एकेक करून छापले तरी दिसत होते. पण सेटला विचारलं, हा माणूस तुझ्याकडे आहे का, तर तो म्हणायचा नाही.

यातली मेख मला अण्णांच्या कपाटानं समजावली. शाखेत जुन्या सह्यांच्या नमुन्यांची कार्डं होती, आडनावाच्या पहिल्या अक्षराप्रमाणे लाकडी कप्प्यांत लावलेली. अण्णा एकदा सहज म्हणाले, "लग्न झालेल्या मुलींची कार्डं अशी हरवतात. कार्ड काढतात, आडनाव बदलतात आणि पुन्हा जुन्याच कप्प्यात टाकतात. मग शोधणारा नव्या आडनावाच्या कप्प्यात बघतो आणि म्हणतो, बाई आपल्याकडे सभासदच नाहीत." मी जागच्या जागी उठून उभी राहिले. हॅशसेट म्हणजे हेच कपाट. सुरुवातीला सोळा कप्पे असतात, गर्दी झाली की वाढतात. वस्तू कुठल्या कप्प्यात जाईल हे तिच्या हॅशकोडवरून ठरतं. मी सभासदाला कप्प्यात ठेवत होते आणि नंतर त्याच्या रकान्यात लाभांशाचं नवं वर्ष लिहीत होते. तो रकाना हॅशकोडमध्ये मोजला जात होता, म्हणजे लिहिताक्षणी त्याचा कप्पा बदलला. कार्ड मात्र जुन्याच कप्प्यात.

म्हणून इक्वल्स बदललं की हॅशकोडही बदलावं लागतं, आणि दोन्हींनी न बदलणाऱ्या गोष्टींवरच उभं राहावं लागतं. दोन समान वस्तूंचा हॅशकोड एकच असला पाहिजे. उलट बाजूनं तशी सक्ती नाही: जावामध्ये कॅपिटल ए आणि स्मॉल ए जोडून लिहिले काय किंवा दोन कॅपिटल बी लिहिले काय, दोन्ही शब्दांचा हॅशकोड 2112 च येतो. एका कप्प्यात राहतात म्हणून ते एक होत नाहीत. कुलकर्णी आणि कदम दोघंही ‘क’मध्येच असतात.

अण्णांच्या त्या वाक्यानं दुसरीही एक गोष्ट हलली. माझं लग्न 2006 साली झालं. माझ्या दहावीच्या प्रमाणपत्रावर एक नाव आहे, पॅन कार्डावर दुसरं. मधलं नाव बदललं, आडनाव बदललं. काही घरांत तर पहिलं नावही बदलतात. मी लिहिलेल्या नियमाप्रमाणे मी स्वतः दोन वेगळ्या बायका होते. तो नियम लिहिणारीही मीच. त्या यादीतल्या कितीतरी बायका माहेरच्या नावानं पतसंस्थेत सभासद झाल्या असतील आणि माझ्या प्रोग्रॅमनं त्यांना सासरच्या नावानं पुन्हा नव्यानं जन्माला घातलं असेल, या विचारानं मला त्या रात्री लॉजवर झोप लागली नाही.

सकाळी मी अण्णांना तोच प्रश्न विचारला जो दोन महिन्यांपूर्वी विचारायला हवा होता: "तुम्ही कसं ओळखता, की हा तोच सभासद?"

ते म्हणाले, "हाक नावानं मारतो. शोधतो क्रमांकानं." सभासद नोंदवही, म्हणजे आय नमुना, त्यांनी उघडून दाखवली. नाव खोडून लाल शाईनं नवं नाव, बाजूला ठरावाचा क्रमांक. क्रमांकाचा रकाना मात्र शेवटपर्यंत स्वच्छ. "मेलेल्या सभासदाचा क्रमांक दुसऱ्याला देता का?" मी विचारलं. "छे! तो त्याचाच." मला हवं होतं ते सगळं त्या उत्तरात होतं: न बदलणारा, पुन्हा न वापरला जाणारा, सगळ्यांना मान्य असलेला. दोन्ही संस्थांमध्ये क्रमांक 1 चा सभासद होताच, म्हणून मूळ संस्थेची खूण आणि क्रमांक मिळून ओळख, असं आम्ही ठरवलं. इक्वल्समध्ये एवढंच राहिलं. नाव, जन्मतारीख, पत्ता सगळं बाहेर. मेथड चार ओळींची झाली.

इक्वल्सनं काही अटी पाळाव्यात अशी जावाची अपेक्षा असते. वस्तू स्वतःसारखी असली पाहिजे. पहिली दुसरीसारखी असेल तर दुसरीही पहिलीसारखी असली पाहिजे. पहिली दुसरीसारखी आणि दुसरी तिसरीसारखी असेल तर पहिली तिसरीसारखी असलीच पाहिजे. मधे काही बदललं नसेल तर उत्तर दरवेळी तेच यावं. आणि समोर काहीच नसेल, नल असेल, तर उत्तर ‘नाही’ यावं, प्रोग्रॅम कोसळू नये. वाचताना वाटतं, हे काय सांगायला हवं? मीही तसंच समजून पुढे गेले होते.

दुसरी अट मोडली ती संचालकांमुळे. संचालक हा सभासद असतोच, म्हणून मी संचालक क्लास सभासदापासून काढला आणि त्याच्या इक्वल्समध्ये पदाचाही विचार केला. आता सभासदाला विचारलं, हा संचालक तूच का, तर तो क्रमांक बघून हो म्हणायचा. संचालकाला विचारलं, हा सभासद तूच का, तर तो म्हणायचा नाही, याच्याकडे पद नाही. कुणाला आधी विचारता त्यावर उत्तर ठरायचं. जोशुआ ब्लॉक यांनी 2001 च्या इफेक्टिव्ह जावामध्ये बिंदू आणि रंगीत बिंदू घेऊन नेमकी हीच कोंडी दाखवली आहे आणि स्पष्ट लिहिलंय, की क्लास वाढवून त्यात मूल्याचा नवा रकाना घातला की या अटी सांभाळून इक्वल्स लिहायला वाटच उरत नाही. खुद्द जावाच्या लायब्ररीतही ही खोट राहून गेली आहे: तारखेचा साधा ऑब्जेक्ट टाइमस्टॅम्पला आपला म्हणू शकतो, टाइमस्टॅम्प मात्र साध्या तारखेला कधीच आपली म्हणत नाही. मी संचालक क्लास काढून टाकला. पद ही माणसाची जात नसते; ती मुदतीची नोंद असते, आणि सभासदाकडे तशी नोंद असू शकते. अण्णांना हे सांगितल्यावर त्यांना त्यात नवल वाटलं नाही. निवडणूक दर पाच वर्षांनी होते, सभासद तेच राहतात.

तिसरी अट मोडली ती चांगल्या हेतूनं. माझ्याबरोबरचा मुलगा हुशार होता. नावं लिहिताना होणाऱ्या चुका बघून त्यानं नियम सुचवला: नावात एका अक्षराचा फरक असला तरी समान धरायचं. मी कागदावर तीन नावं लिहिली: मीना, मीरा, हीरा. मीना आणि मीरामध्ये एका अक्षराचा फरक, म्हणजे समान. मीरा आणि हीरामध्ये एकाचा, तेही समान. मीना आणि हीरामध्ये दोनांचा, म्हणजे वेगळ्या. सेटमध्ये मीरा आधी गेली तर उरलेल्या दोघींना जागाच नाही. मीना आधी गेली तर हीरालाही जागा मिळते. यादीत किती बायका आहेत हे त्या कुठल्या क्रमानं आल्या त्यावर ठरणार. तो बराच वेळ कागदाकडे बघत बसला आणि मग म्हणाला, "ताई, म्हणजे ‘सारखं वाटणं’ आणि ‘समान असणं’ या दोन वेगळ्या मेथड हव्यात." मला याहून नीट सांगता आलं नसतं. आम्ही ‘शक्य जुळणी’ नावाची वेगळी यादी काढली. ती इक्वल्सला हात लावत नाही. ती कागदावर छापून शाखेत जाते, माणूस माणसाला ओळखतो, सही करतो आणि मगच दोन नोंदी एक होतात.

त्या याद्या करताना एक जुळणी अजिबात सापडेना. दोन्हीकडे कऱ्हाडे. दोन्हीकडे नाव तेच, गाव तेच, आणि मशीन म्हणतंय आडनाव वेगळं. मी डोळे चोळून बघितलं, अक्षर मोठं करून बघितलं. शेवटी लांबी छापली. एक कऱ्हाडे सात चिन्हांचं, दुसरं आठ. पडद्यावरचा तो अर्धा ऱ दोन रीतींनी लिहिता येतो: युनिकोडमधलं ‘ऱ’ हे खास अक्षर घेऊन त्याला हलन्त द्यायचा, किंवा साधा ‘र’, हलन्त आणि पुढे न दिसणारा एक जोडचिन्हाचा कोड. दिसायला तंतोतंत एक, आत वेगळं. जावाचा नॉर्मलायझर नुक्ता देऊन लिहिलेला ‘ऱ’ खास अक्षरात बदलतो, पण या न दिसणाऱ्या जोडचिन्हाला हात लावत नाही. ‘ॲ’चंही तसंच, एकच अक्षर म्हणून लिहिता येतं, ‘अ’वर चंद्र काढूनही, आणि नॉर्मलायझर त्या दोघांना एक मानत नाही. नियम आम्हाला हातानं लिहावे लागले. इंग्रजी पुस्तकांतून समानता शिकलेल्या मला माझ्याच भाषेनं हा धडा वेगळा दिला, आणि मला तो फार मोलाचा वाटतो. कऱ्हाडे, गोऱ्हे, वऱ्हाडे ही नावं तेव्हापासून माझ्या प्रत्येक प्रकल्पाच्या टेस्टमध्ये असतात.

रकमेची गोष्ट थोडक्यात सांगते. जावाच्या बिगडेसिमलमध्ये 500.0 आणि 500.00 हे इक्वल्सच्या लेखी वेगळे असतात, कारण ते दशांशाची घरंही मोजतं. किंमत ताडायला वेगळी मेथड आहे. आम्ही रकमेचा स्वतःचा क्लास केला, आत येतानाच पैशांची दोन घरं पक्की केली आणि प्रश्न मिटला.

टेस्टबद्दल मात्र एक गोष्ट सविस्तर सांगायची आहे, कारण ती मला फार उशिरा उमगली. हप्ता नावाचा आमचा क्लास होता. त्याची इक्वल्स फक्त हप्त्याचा क्रमांक बघायची. व्याज मोजणाऱ्या प्रोग्रॅमच्या टेस्टमध्ये आम्ही लिहिलं होतं: अपेक्षित हप्ता हा, आलेला हप्ता तो, दोन्ही समान आहेत का बघ. जेयुनिट ती तुलना इक्वल्सनंच करतं. व्याज चुकलं तरी हप्त्याचा क्रमांक तोच असायचा, आणि टेस्ट पास. कितीतरी आठवडे त्या टेस्ट हिरव्या होत्या आणि त्यांनी व्याज कधी तपासलंच नव्हतं.

माझे आजोबा आठवडी बाजारात धान्य विकायचे. तराजू हातात घेतला की आधी दोन्ही पारडी रिकामी ठेवून काटा बघायचे. पासंग असेल तर आधी तो काढायचा, मग माल टाकायचा. इक्वल्स हा टेस्टचा तराजू आहे. त्याच्यात पासंग असेल तर त्यावर जोखलेलं सगळंच तेवढ्यानं चुकतं, आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून मी आता कुठल्याही क्लासच्या कामाच्या टेस्टआधी त्याच्या समानतेची टेस्ट लिहिते. समान काय हे सांगणारी एक, आणि प्रत्येक रकाना एकेक करून बदलून ‘आता तू काय म्हणतोस’ असं विचारणाऱ्या बाकीच्या. सगळ्या अटी एका दमात तपासणारी इक्वल्स-व्हेरिफायर नावाची लायब्ररी आहे. कुठला रकाना विचारात घेतलेला नाही, कुठला बदलता आहे, हे ती न कंटाळता दाखवते. जावा 16 पासून रेकॉर्ड आले, त्यात इक्वल्स आणि हॅशकोड आयते मिळतात आणि रकमेसारख्या मूल्यांसाठी मी ते आनंदानं वापरते. पण रेकॉर्ड सगळ्या रकान्यांवर खूण करतो. सभासदासाठी तो माझी तिसरी चूक पुन्हा करेल. ठरवायचं काम अजून माणसाकडेच आहे.

जावामध्ये मेथडचं नाव देवनागरीत लिहिता येतं. त्या प्रकल्पाच्या शेवटी मी समानतेच्या टेस्टची नावं मराठीत लिहिली, म्हणजे अण्णांना छापून वाचता येतील. ‘लग्नानंतरही_सभासद_तीच’. ‘एक_जूनचे_दोघे_वेगळेच’. ‘पद_गेलं_तरी_सभासद_तोच’. त्यांनी चष्मा लावून सगळी यादी वाचली, पेन काढलं आणि खाली एक ओळ घातली: जुना दाखला घेऊन आलेला सभासद. विलीन झालेल्या संस्थेचे शेअर दाखले लोकांच्या ट्रंकांमध्ये होते आणि त्यांच्यावर जुने क्रमांक होते. ती टेस्ट आम्ही त्याच दिवशी लिहिली. ती लाल आली. दोन दिवसांनी हिरवी झाली.

पुढच्या वर्षी वार्षिक सभेच्या दिवशी मी तिथे होते. दारात टेबल टाकून अण्णा हजेरीच्या सह्या घेत होते. साठीच्या एक बाई आल्या, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घातलेला पिवळा दाखला. त्यावर विलीन झालेल्या संस्थेचं नाव, माहेरचं नाव, तीन आकडी क्रमांक. मी लॅपटॉपवर तो क्रमांक टाकला. सासरचं नाव आलं, नवा क्रमांक आला, शेअर तेवढेच.

अण्णांनी एकदा पडद्याकडे बघितलं, एकदा बाईंकडे. "याच त्या," ते मला म्हणाले.

"माझं मत आहे ना?" बाईंनी विचारलं.

अण्णांनी हजेरीची वही त्यांच्याकडे फिरवली आणि पेनाचं टोपण काढून पेन पुढे केलं. "इथं सही करा."